‘निवड’ या नामाचा कर्ता

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२३ मध्ये ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. या संज्ञेत नियमन करणारी व्यक्ती गृहीत आहे. पुढे शासकीय व्यवहारात ‘कुटुंबनियोजन’ रूढ झाले आणि अर्थाचे केंद्र व्यक्तीकडून कुटुंबाकडे सरकले. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या स्थलांतराचा विचार करणे अगत्याचे आहे.

‘तिला तांबी बसवली’, ‘तिचे ऑपरेशन केले’ या वाक्यांत स्त्री चतुर्थीत वा षष्ठीत आहे. कर्ता ती नव्हे. तथापि एवढ्यावरून सक्तीचे अनुमान काढणे युक्त होणार नाही. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या कोणत्याही उपचाराचे वाक्य असेच होते. खरा प्रश्न त्यापूर्वीच्या वाक्याचा आहे. ‘तिने विचारले’, ‘तिने ठरविले’ अशी वाक्ये आधी घडली होती काय?

ती घडावयाची तर माहिती हवी. ‘निरोध’ संसर्ग आणि गर्भधारणा या दोहोंना अटकाव करतो. पण त्याचा वापर पुरुषाच्या संमतीवर अवलंबून राहतो. म्हणून त्याच्या जोडीला स्त्रीच्या हातात राहणारे दुसरे साधन लागते. उपचाराने प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीस तांबी सामान्यतः चालते. २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ इंजेक्शनही तिला घेता येते. एफाव्हिरेन्झ या औषधाने मात्र त्वचेखालील इम्प्लांटमधील संप्रेरकाचा प्रभाव घटतो. डोल्युटेग्राव्हिरने तसे होत नाही. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्याही दुबळ्या पडतात. सारांश, औषध बदलले की साधनाचा पुनर्विचार करावा लागतो; आणि ‘एकदा बसवली, काम झाले’ ही भाषा नेमका तोच दडविते. शिवाय मूल हवे असे ठरविणे हीसुद्धा निवडच होय. नियमित उपचाराने बाळास होणारा संसर्ग बव्हंशी टाळता येतो.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बाधित गर्भवतीची नसबंदी वा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून करण्यास मनाई केली आहे. परंतु संमती म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या प्रस्तावास दिलेला होकार. निवडीत प्रस्तावही स्वतःचाच असतो. हा भेद कायद्याच्या कलमाने नव्हे, तर दवाखान्यातील संभाषणानेच सांभाळला जाईल.

१९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या नाशिकमध्ये भाषेच्या अभ्यासकांना येथे काम आहे. रुग्णांसाठीची मराठी पत्रके घ्यावीत आणि त्यांतील किती वाक्यांत स्त्री कर्ता आहे, हे मोजावे.