शाब्लीतला दगड

कलाकृतीचे मर्म सांगताना टीकाकाराला उपमेचा आधार घ्यावा लागतो. आणि उपमा एकदा रुळली की तीच वस्तुस्थिती म्हणून खपू लागते. एखाद्या कवितेला मातीचा वास आहे असे कुणी रसिक सहज म्हणून जातो, आणि पुढच्या पिढीचे समीक्षक ती माती कोणत्या तालुक्यातली यावर वाद घालीत बसतात. हीच कथा एका फ्रेंच द्राक्षमद्याच्या बाबतीत घडली आहे, आणि तिच्यात प्रस्तुत लेखकाचाही थोडा अपराध आहे. ज्यांच्या घरी मद्य वर्ज्य असेल त्यांनी संकोच करू नये. हा वाद पेल्यातला कमी आणि शब्दातला जास्त आहे.

या वाइनचे नाव शाब्ली. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे 180 किलोमीटरवर, सरँ नावाच्या लहानशा नदीकाठी याच नावाचे गाव आहे. बर्गंडीच्या द्राक्षप्रदेशाचे हे उत्तरेचे टोक. द्राक्षाची जात एकच, शार्दोने. उतारावरची जमीन चुनखडीची आणि चुनमिश्रित चिकणमातीची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज या खेड्यावरून भूवैज्ञानिकांनी तिच्या थराला नाव दिले आहे. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. तेथले ढेकूळ हाती घेतले तर त्यात स्वल्पविरामाच्या आकाराची इवलीशी कालवे दगड होऊन बसलेली दिसतात. 1938 साली या प्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. आज तिच्या चार पायऱ्या आहेत : पठारावरची पेती शाब्ली, मग नुसती शाब्ली, त्यावर प्रमिए क्रू, आणि सर्वांत वर ग्रां क्रू. ही शेवटची पायरी म्हणजे गावासमोरच्या एकाच टेकडीचे सात तुकडे, सारे मिळून जेमतेम 100 हेक्टर. त्यांतल्या एकाचे नाव ग्रनुय, म्हणजे चक्क बेडूक!

आता चव. रंग फिकट, हिरवट झाक असलेला. नाकाशी धरली की हिरवे सफरचंद, लिंबाची साल आणि एखादे पांढरे फूल यांची आठवण होते. घोट घेतला की फळ मागे सरते आणि एक स्वच्छ, ताठ आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांनी धावत जातो. तो ओसरला की मागे काही उरते, आणि त्याला नाव देताना सगळ्यांची पंचाईत होते. नुकताच धुतलेला पाटा, किंवा लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडली की त्यांना येणारा तो वास, आणि शेवटी मिठाचा भास. इंग्रजी टीकाकार याला ‘मिनरल’, म्हणजे खनिज चव म्हणतात. आज प्रत्येक बाटलीच्या पाठीवर हा शब्द सापडतो; पण त्याचे राज्य तसे अलीकडचे आहे. 1980 च्या दशकात अॅन नोबल यांनी कॅलिफोर्नियात वाइनच्या वासांचे जे प्रसिद्ध चक्र तयार केले, त्यात त्याला जागा नव्हती.

माझा अपराध तो असा. काही वर्षांपूर्वी पुण्यात घरच्या मंडळींसमोर शाब्लीची बाटली उघडून मी ऐटीत सांगितले, “पंधरा कोटी वर्षांपूर्वीची कालवे मुळांवाटे वर चढतात आणि पेल्यात उतरतात!” मंडळी प्रसन्न झाली. माझे एक मामा मात्र, जे आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवीत आले, शांतपणे म्हणाले, “अरे, मग रत्नागिरीच्या हापूसला गंजाची चव का येत नाही? तो तर जांभ्या दगडात वाढतो, आणि जांभ्यात लोखंड भरलेले असते.”

“मामा, तुम्ही म्हणजे रसभंग करता,” एवढेच मला सुचले.

“रस राहू दे. कारण खोटे सांगू नकोस.”

मामांचेच खरे होते. वेल दगड खात नाही. पाण्यात विरघळलेली पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये तेवढी ती मुळांनी शोषते; रसात उतरणारा त्यांचा अंश इतका अल्प असतो की जिभेला त्याची दखल घेणे कठीण. शिवाय चुनखडीचा खडा चाटून पाहिला तर त्याला सांगण्यासारखी चव नसतेच. वेल्समधील अॅबरिस्टविथ विद्यापीठाचे भूवैज्ञानिक अॅलेक्स मॉल्टमन हेच वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. जमिनीचा प्रभाव अर्थातच आहे. पाणी किती निथळते, ऊब किती धरते, यांतून तो फळापर्यंत पोचतो. पण कालवे पेल्यात उतरत नाहीत.

मग तो दगड येतो कोठून? बराचसा थंडीतून. या उत्तरेकडच्या गावी द्राक्ष सावकाश पिकते आणि आपली आम्लता राखून ठेवते. त्यात फळाचा वास मुळात संयमी. पुष्कळ उत्पादक ती पोलादी टाक्यांत ठेवतात, म्हणजे ओकच्या लाकडाचा गोडसर वास वर चढत नाही. काही जण जुनी पिंपेही वापरतात, आणि या दोन पक्षांचा वाद आपल्याकडच्या घराण्यांच्या वादाइतकाच चिवट आहे. गारगोटीच्या वासामागे गंधकाची काही सूक्ष्म संयुगे असावीत असे रसायनशास्त्रज्ञ मानतात.

आणि या थंडीची किंमत कोण देतो? 1957 च्या वसंतातल्या हिमाने तेथले पीक जवळजवळ नाहीसे केले. त्या दशकात सारी लागवड 500 हेक्टरांच्या आसपास उतरली होती. आज ती 5000 च्या वर आहे. अजूनही एप्रिलच्या रात्री शेतकरी बागेत शेगड्या पेटवून जागतात. काही जण कोवळ्या डोळ्यांवर पाण्याचे तुषार सोडतात. ते पाणी गोठताना उष्णता देते, आणि बर्फाच्या त्या कवचात कोंब वाचतो. 2021 च्या एप्रिलमध्ये हीच झुंज पुन्हा द्यावी लागली. ‘खनिज’ या शब्दावर माझा पहिला आक्षेप इथे आहे : साऱ्याचे श्रेय दगडाला दिले की रात्रभर जागलेला माणूस पुसला जातो. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. या शब्दाच्या पदराआड पातळ, कच्ची, नुसती आंबट वाइनही प्रतिष्ठित होऊन बसते.

तरीही हा शब्द टाकून द्यावा असे मला वाटत नाही. पहिल्या पावसाच्या वासाचेच पाहा. 1964 साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्यांना दिसले ते असे, की कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेले दगडमातीत मुरतात आणि ओल लागताच त्यांचा वास सुटतो. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच वास मातीतून काढून चंदनाच्या तेलात धरीत आले आहेत, याचीही त्यांनी नोंद घेतली. वासाचे कारण निराळे निघाले म्हणून आपला मृद्गंध खोटा ठरला नाही. तो आपल्या अनुभवाला चिकटलेला शब्द आहे. ‘खनिज’चेही तसेच : उपमा म्हणून तो शब्द नेमका आहे, कारण म्हणून चुकीचा.

ज्यांना आस्वाद घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. शाब्ली दहा अंशांच्या आसपास बरी. बर्फासारखी गार केली तर आंबटपणाखेरीज काही कळत नाही, म्हणून फ्रिजमधून काढून दहा मिनिटे थांबावे. पेला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भरू नये. फ्रान्समध्ये तिची जोड कालवांशी. आपल्या कोकणातही कालवे आहेत, फक्त मसाल्याचा हात आखडता घ्यावा. तळलेल्या बोंबलाशी तिचे छान जमते. फराळाच्या ताटातली खारी, खुसखुशीत चकली तिला मानवते. लाडू किंवा करंजी मात्र लगोलग खाऊ नये, गोडापुढे ती बिचारी नुसती आंबट लागते. साधी शाब्ली दोन-चार वर्षांत प्यावी. ग्रां क्रू दहा वर्षे थांबली तर मधाळ, गंभीर होते.

गेल्या दिवाळीत मामांपुढे पुन्हा बाटली उघडली. या वेळी मी काहीच सांगितले नाही. त्यांनी घोट घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “धुतलेल्या पाट्यासारखी लागते रे.” मी हसलो, तेव्हा तेही हसले. “सारखी म्हणालो,” ते म्हणाले, “पाट्यातून आली असे म्हटले नाही.”

टीकाकाराने एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.