अनुदानित संशोधन, विद्यापीठीय सहकार्य आणि गोंदियाचे क्षेत्र : एक चिकित्सा

संशोधकाला अधिछात्रवृत्ती मिळाली, दोन संस्थांमध्ये सहकार्याचा करार झाला आणि विषय सामाजिक महत्त्वाचा निवडला गेला, म्हणजे सामाजिक शास्त्रांतील डॉक्टरेटचे शिक्षण यथायोग्य झाले, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. या समजात तथ्य किती, हे ठरविण्यासाठी करारपत्रे वाचून भागत नाही. ज्या भूमीवर संशोधन व्हावयाचे, त्या भूमीच्या बाजूने या व्यवस्थेकडे पाहावे लागते. गोंदिया जिल्हा या परीक्षेस विशेष उपयुक्त आहे.

प्रथम पूर्वानुभव लक्षात घेतला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली ते लंडनला आले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती. ते बडोद्यास रुजूही झाले, पण अस्पृश्यतेच्या जाचामुळे तेथे राहणे अशक्य झाले. पुढे स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राची मदत यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली, आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ साली प्रसिद्ध झाल्यावर १९२७ साली कोलंबियाने पीएच.डी. प्रदान केली. न्यूयॉर्क आणि लंडन यांची सांगड येथे कोणत्याही कराराने घातली नव्हती. ती संशोधकाने स्वतःच घातली. द्रव्याची मुदत आणि विषयाची मुदत यांचे मात्र एकमेकींशी जमले नाही.

गो. स. घुर्ये यांचे उदाहरण वेगळ्या दिशेने बोधप्रद आहे. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला. त्या विद्यापीठाच्याच शिष्यवृत्तीवर घुर्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथे रिव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागले. १९२२ साली रिव्हर्स यांचे निधन झाले, तेव्हा हॅडन यांच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा झाला. मार्गदर्शक गेला तरी विद्यार्थी निराधार झाला नाही, कारण त्याच्यामागे विभाग होता. पुढे १९२४ साली घुर्ये यांनी मुंबईच्या विभागाची धुरा स्वीकारली. इरावती कर्वे, म. न. श्रीनिवास आणि अ. र. देसाई यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. येथे शिष्यवृत्तीचे फळ एका व्यक्तीपुरते मर्यादित राहिले नाही. ज्या विद्यापीठाने पैसा दिला, त्यालाच एक परंपरा परत मिळाली.

आजची व्यवस्था या दोन्ही उदाहरणांहून अधिक विस्तृत आहे, हे निःसंशय. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. राज्यात पुण्याची बार्टी आणि सारथी, तसेच नागपूरची महाज्योती या संस्थाही अधिछात्रवृत्त्या देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठाची ४२,००० रुपये केली. परंतु मानव्य आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधकास आकस्मिक खर्चासाठी मिळणारी रक्कम पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० रुपयेच राहिली. दूरच्या गावी मुक्काम, प्रवास, दुभाषी आणि जुन्या कागदांच्या नकला यांचा हिशेब केला, तर प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा मोठा भार संशोधकाच्या निर्वाहवेतनावरच पडतो. म्हणजे अनुदान संशोधकाला मिळते, संशोधनाला मिळत नाही. हा या व्यवस्थेतील पहिला दोष होय.

दुसरा दोष अधिक खोल आहे. तो समजून घेण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजेच लोकव्यवहारातील ‘मामा तलावां’चा विषय घ्यावा. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा होता. नवेगाव बांध हे त्याचे ठळक उदाहरण. मालगुजारी गेली ती १९५० च्या कायद्याने, विदर्भ मध्यप्रदेश राज्यात असताना. त्यानंतर तलावांची मालकी शासनाकडे आली आणि कालांतराने लहान तलावांची व्यवस्था जिल्हा परिषदेकडे व मोठ्यांची पाटबंधारे विभागाकडे गेली. पाण्याच्या वाटपाचे गावरिवाज वाजिब-उल-अर्ज या जुन्या दस्तऐवजात नोंदलेले असत. तेव्हा या एकाच विषयासाठी अर्थशास्त्र, इतिहास, कायदा आणि मानवशास्त्र यांची गरज पडते. शिवाय झाडीबोली, पोवारी आणि गोंडी यांपैकी किमान एका बोलीचा परिचय हवा. २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम ठरविला आहे. संशोधनपद्धती आणि प्रकाशनाची आचारनीती यांनी त्याचा काही भाग व्यापल्यावर जुना महसुली कागद वाचणे आणि बोली शिकणे यांस जागा कोठून मिळावी? हे सारे एकट्या विभागाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि म्हणूनच सहकार्याची खरी गरज येथे उत्पन्न होते.

परंतु विद्यापीठांच्या सीमा या गरजेशी जुळत नाहीत. १९५६ पर्यंत भंडारा आणि बालाघाट हे जिल्हे एकाच राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने ते वेगळे झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निर्माण झाला. २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर गडचिरोली नागपूर विद्यापीठाच्या कक्षेबाहेर गेला. आज सालेकसा आणि देवरी या तालुक्यांच्या सीमा ओलांडताच राज्य आणि विद्यापीठ दोन्ही बदलतात. धान, जंगल, तेंदूपाने आणि कामासाठी होणारे स्थलांतर मात्र बदलत नाही. अशा प्रदेशात नागपूर विद्यापीठाने गोंडवाना विद्यापीठाशी आणि सीमेपलीकडील विद्यापीठांशी सहकार्य करणे हे परदेशी संस्थेशी केलेल्या करारापेक्षा कमी प्रतिष्ठेचे मानले जाते. वस्तुतः विषयाच्या दृष्टीने तेच अधिक आवश्यक आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. अनेक संस्था एकत्र आल्या की निर्णय लांबतात, दोन कार्यालयांच्या सह्या गोळा करण्यात संशोधकाचे वर्ष जाते, आणि सह-मार्गदर्शक नेमण्याची सोय नियमांत असताना नव्या व्यवस्थेचे प्रयोजन काय, असे विचारले जाईल. आक्षेप निराधार नाही. परंतु सह-मार्गदर्शक म्हणजे बहुधा एक अधिक स्वाक्षरी, असा जो व्यवहार पडतो, त्याचे कारण सहकार्याचा आशय अनिश्चित असतो हे आहे. एका विद्यापीठाने कागद वाचण्याचे शिक्षण द्यावे, दुसऱ्याने बोलीचे, आणि गोंदियातील पदव्युत्तर महाविद्यालयाने क्षेत्रातील वास्तव्य व स्थानिक मार्गदर्शन यांची जबाबदारी घ्यावी, अशी कामाची वाटणी लेखी ठरली, तर सह्यांची संख्या वाढूनही वेळ वाया जाणार नाही.

येथेच तिसरा आणि निर्णायक मुद्दा येतो. सध्याच्या रचनेत पैसा दिल्लीहून, पुण्याहून किंवा नागपूरहून येतो, पदवी विद्यापीठ देते आणि जिल्हा केवळ माहिती पुरवितो. प्रश्न कोणता विचारावा, यात त्याचा वाटा नसतो. प्रबंध शोधगंगेवर उपलब्ध होतो हे खरे. परंतु उपलब्ध होणे आणि परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाच्या पाण्यावर हक्क सांगणाऱ्या गावाला तो प्रबंध आपल्या भाषेत, आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात आणि आपल्या महाविद्यालयाच्या अध्यापनात आढळला पाहिजे. घुर्ये यांच्या शिष्यवृत्तीने मुंबईला जे दिले, त्याचा अल्पांश तरी गोंदियाला मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

तात्पर्य, अधिछात्रवृत्तीची संख्या आणि करारांची यादी यांवरून सामाजिक शास्त्रांतील प्रशिक्षणाचे मोल ठरवू नये. क्षेत्रकार्याचा खर्च स्वतंत्रपणे मंजूर होतो काय, शेजारची विद्यापीठे शिकविण्याचे काम वाटून घेतात काय, आणि ज्या जिल्ह्यातून सामग्री गोळा झाली त्या जिल्ह्यातील महाविद्यालय प्रबंधाच्या आखणीपासून त्याच्या अध्यापनापर्यंत सहभागी असते काय, या तीन कसोट्या लावाव्यात. पहिल्या दोहोंसाठी धनदात्या संस्था आणि विद्यापीठे यांना निर्णय घ्यावे लागतील. तिसरीचा आरंभ मात्र विभागाला आजही करता येईल : पुढील विद्यार्थ्याचा आराखडा मंजूर करण्यापूर्वी तो गोंदियातील अध्यापकांसमोर वाचला जावा.