पेरले ते उगवले का?

(वॉल्टर गोल्डश्मिट यांच्या ‘ॲज यू सो’ या पुस्तकाच्या निमित्ताने)

लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे ‘फाइव्ह’ नंबरच्या हायवेने आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी गाडी हाकली असेल. मागच्या सीटवर मुलांची भांडणे, मांडीवर दशम्यांचा डबा आणि खिडकीबाहेर तासन् तास बदाम-पिस्त्यांच्या सरळ रांगा. माझे वडील पहिल्यांदा इकडे आले, तेव्हा हा देखावा ते बराच वेळ गप्प बसून पाहत होते. मग एकदम म्हणाले, “शेत आहे, पाणी आहे, मग गाव कुठाय रे?”

मी इंजिनिअर माणूस. कालव्याची क्षमता, पंपांची ताकद, पाणी कुठून कुठे नेले आहे, हे सारे मी त्यांना हौसेने सांगितले. गाव कुठे आहे, हे मात्र सांगता आले नाही. पुढे कित्येक वर्षांनी लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका डॉलरला एक पुस्तक मिळाले, आणि अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर कुणीतरी १९४७ सालीच छापून ठेवल्याचे लक्षात आले. त्याच पुस्तकाबद्दल हा लेख आहे. अण्णा आता नाहीत, म्हणून उत्तर आपल्यापुढे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९०२ साली अमेरिकन काँग्रेसने पाटबंधाऱ्यांचा कायदा केला. सरकारी खर्चाने धरणे-कालवे बांधायचे, पण त्यांचे पाणी एका मालकाला १६० एकरांपुरतेच द्यायचे, आणि तो मालक त्या जमिनीवर किंवा तिच्या आसपास राहणारा असला पाहिजे, अशा दोन अटी त्यात होत्या. १६० एकर म्हणजे कुटुंब-शेती, हे ऐकून आपल्याला हसू येईल. महाराष्ट्रात १९७५ च्या दुरुस्तीनंतर बारमाही बागायतीची कमाल मर्यादा १८ एकर आहे. पण प्रश्न आकड्याचा नसून तत्त्वाचा होता. सगळ्यांच्या पैशाने आणलेले पाणी थोड्यांच्या हाती जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

१९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत प्रचंड सरकारी पाणीप्रकल्प आकाराला येत होता, आणि तिथे ही मर्यादा लावावी की नाही, यावर रणे माजली होती. वॉल्टर गोल्डश्मिट हे तरुण मानववंशशास्त्रज्ञ. शेतीच्या आकारामुळे गावाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे तपासण्याचे सरकारी काम १९४४ मध्ये त्यांच्याकडे आले. त्यांनी दोन गावे निवडली. केर्न काउंटीतले आर्विन, जिथे सरासरी शेत सुमारे ५०० एकरांचे; आणि टुलेरी काउंटीतले दिनुबा, जिथे ते साठ एकरांच्या आत. वर्षाचे शेती-उत्पन्न दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, प्रत्येकी सुमारे पंचवीस लाख डॉलर. म्हणजे जमिनीने दोन्ही गावांना सारखेच दिले. मग ते गेले कुठे?

याचे उत्तर देण्यासाठी गोल्डश्मिट भाषण करीत नाहीत. ते मोजतात. दिनुबात दुकाने दुपटीच्या घरात, किरकोळ व्यापार साठ टक्क्यांहून अधिक. दिनुबात चार प्राथमिक शाळा आणि एक हायस्कूल. आर्विनमध्ये एकच प्राथमिक शाळा. दिनुबात तीन बागा. आर्विनमध्ये मुलांना खेळायला एक मैदान, तेही एका कंपनीने वापरायला दिलेले. दिनुबात दोन वर्तमानपत्रे, आर्विनमध्ये एक. आर्विनमधले जवळजवळ दोन-तृतीयांश कमावते लोक शेतमजूर. दिनुबात एक-तृतीयांशाहून कमी. ते क्लब आणि मंडळेदेखील मोजतात, आणि तिथे मला मनापासून हसू आले. आपल्या मंडळाच्या निवडणुकीतली भांडणे पाहून जे वैतागतात, त्यांनी ही पाने जरूर वाचावीत. माणसे जिथे भांडायला एकत्र येतात, तिथे गाव जिवंत असते, एवढे तरी त्यांतून कळते.

पुस्तकाचे मोठे बळ हेच आहे. ‘छोटा शेतकरी म्हणजे सद्गुणांचा पुतळा’ असली भाबडी पूजा इथे नाही. तिसरे गाव वास्को. त्याच्यावरचा भाग तर त्याहून कडवट आहे. शेती कारखान्यासारखी झाली की खेडेही शहरासारखे होते. माणसाची पत शेजारधर्मावर न ठरता पैशावर ठरते, आणि मजुराचे कुटुंब वर्षानुवर्षे राहूनही गावाच्या बाहेरच राहते, हे तिथे बारकाव्याने दाखवले आहे. नव्या देशात आलेल्या आपल्यासारख्यांना ‘गावात राहणे’ आणि ‘गावाचे असणे’ यांतला फरक निराळा सांगायला नको.

या मोजणीची किंमतही लेखकाला मोजावी लागली. अभ्यासाचा दुसरा टप्पा, म्हणजे अनेक गावांची पाहणी, बड्या हितसंबंधांच्या दबावामुळे झालाच नाही. पहिला टप्पा १९४६ मध्ये सिनेटच्या लघुउद्योग समितीने छापला आणि पुढच्या वर्षी पुस्तक आले. १९७८ च्या आवृत्तीत लेखकाने हा इतिहासही जोडला. तो वाचताना पुस्तकाबद्दल आदर वाढतो. पण आदर वाढला म्हणून परीक्षकाने डोळे मिटायचे नसतात.

पहिला आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. हेज आणि ऑल्मस्टेड यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की ही दोन गावे तुलनेला योग्य जोडीच नव्हती. दिनुबा जुने, आर्विन नवे. जुन्या गावात शाळा-बागा जास्त असणारच. हा आक्षेप मला बराचसा पटतो. त्यात मी माझा एक जोडतो. दिनुबाच्या परिसराला किंग्ज नदीचे पाणी कालव्याने उताराने मिळत होते, तर आर्विनला खोल विहिरींतून पंपाने उपसावे लागत होते. खोल विहीर म्हणजे मोठे भांडवल. ज्याच्याकडे ते आहे तोच टिकतो, आणि शेजाऱ्याची विहीर आटली की त्याची जमीनही घेतो. म्हणजे शेताच्या आकाराने गाव घडवले, हे खरे असले, तरी शेताचा आकार घडवला तो पाणी येण्याच्या रीतीने. गोल्डश्मिट इतर कारणांचा विचार करतात, पण शेवटी सारे ओझे शेताच्या आकारावर टाकतात. माझ्या मते पाण्याची वाटणी हे मूळ आहे आणि आकार हा खोडाचा घेर.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. कुटुंब-शेती म्हणजे कोणाच्या कुटुंबाची? १९१३ आणि १९२० च्या कायद्यांनी कॅलिफोर्नियात आशियाई परकीयांना शेतजमीन घ्यायला बंदी होती. १९२३ च्या थिंड निकालाने हिंदी माणसाला नागरिकत्वाची दारे बंद झाली. ती १९४६ मध्ये उघडली. गोल्डश्मिट १९४४ मध्ये दिनुबाची दुकाने मोजत होते, तेव्हा या खोऱ्यातले जपानी शेतकरी छावण्यांत डांबलेले होते. दिनुबा आर्विनपेक्षा बरे होते, हे मान्य. पण त्या बरेपणाच्या कुंपणाबाहेर कोण उभे होते, हा प्रश्न या पुस्तकाच्या पायाशी नाही. तो असता, तर पुस्तक अधिक खोल झाले असते.

तिसरी गोष्ट म्हणजे पुस्तक जिथे संपते तिथून पुढचा इतिहास. कायदा पुस्तकात असतो. तो राबवायला माणसे लागतात. इंपीरियल व्हॅलीत ब्रॉली नावाच्या गावात बेन येलेन नावाचे एक डॉक्टर होते. रोगी तपासता तपासता त्यांनी १६० एकरांच्या मर्यादेसाठी वर्षानुवर्षे कोर्टात झुंज दिली. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. फ्रेस्नोमध्ये जॉर्ज बॅलिस हे छायाचित्रकार आणि त्यांची ‘नॅशनल लँड फॉर पीपल’ ही संघटना. फाइव्ह हायवेवर अण्णांनी पाहिलेल्या पट्ट्यात वेस्टलँड्स वॉटर डिस्ट्रिक्ट हा सुमारे सहा लाख एकरांचा प्रचंड जिल्हा आहे. तिथे मर्यादेबाहेरच्या जमिनी कागदोपत्री कशा ‘विकल्या’ जातात, हे या मंडळींनी दफ्तरे धुंडाळून बाहेर काढले आणि १९७६ मध्ये कोर्टाकडून अशा विक्रीला लगाम घालून घेतला. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. १९८२ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला. मर्यादा ९६० एकर झाली आणि जमिनीजवळ राहण्याची अट पुसली गेली. त्याच पट्ट्यातले शेतांतून निथरलेले पाणी केस्टरसनच्या तळ्यांत साठवले जात होते. १९८३ मध्ये त्यातल्या सेलेनियममुळे पक्ष्यांची विद्रूप पिल्ले जन्मलेली आढळली. पेराल तसे उगवेल, या पुस्तकाच्या नावाला इतका भीषण पुरावा लेखकालाही अपेक्षित नसेल.

ही सगळी हार वाचताना मला राहून राहून पुण्याच्या विलासराव साळुंखे यांची आठवण येत होती. तेही इंजिनिअर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ होऊन ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले, १९७४ मध्ये देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन घेतली आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम पाहा. पाणी माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. कुणाची जमीन किती, हा प्रश्नच नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

अमेरिकन कायद्याने पाणी जमिनीला बांधले आणि मग जमिनीला मर्यादा घातली. पळवाट शोधणाऱ्याने जमीन भावाच्या, मेव्हण्याच्या, कंपनीच्या नावावर केली की काम झाले. साळुंख्यांनी पाणी माणसाला बांधले. नावावर जमीन कितीही करा, तोंडे वाढत नाहीत. माझ्या दृष्टीने गोल्डश्मिट यांच्या पुस्तकाला मिळालेले हे सर्वांत चोख उत्तर आहे, आणि ते प्रबंधात नसून माळरानावर लिहिलेले आहे. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विजेचे बिल, आटणारे झरे आणि उसाचा मोह यांच्यापुढे तत्त्व लंगडे पडते. तरी नियम चुकीचा होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता शेवटचे, आणि सांगायला जड जाणारे. पुसून टाकलेली ती राहण्याची अट मी या पुस्तकाच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा वाचली. आमच्या माण तालुक्यातल्या जमिनीच्या सात-बारावर तीन नावे आहेत. त्यांतली दोन अमेरिकेत राहतात. त्यांतले एक माझे. कसतो तो चुलतभाऊ, नाना. काही वर्षांपूर्वी नानाने फोन केला, “डाळिंब लावतोय, बोअर खोल घ्यायचाय.” मी लगेच पैसे पाठवले. घराण्याच्या जमिनीसाठी काहीतरी केल्याचे समाधान मला महिनाभर पुरले. पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो, तर बांधापलीकडच्या तात्यांची विहीर कोरडी. तात्या मला काही बोलले नाहीत. चहा पाजला, मुलांची चौकशी केली. त्यांचा मुलगा साताऱ्याला गाडी चालवायला गेला होता.

आर्विन कुठे आहे, हे मला त्या ओसरीवर कळले. मी कुणी दुष्ट कंपनी नाही. मी फक्त दूर राहणारा, पैसे असलेला मालक आहे, आणि खोल विहिरीला तेवढे पुरते. वेस्टलँड्सच्या बड्या मालकांना नावे ठेवताना आपण, परदेशातल्या सात-बारावाल्यांनी, हा हिशेब विसरू नये. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नावावर वडिलोपार्जित जमीन आहे. ती विकावी की ठेवावी, यावर पार्ट्यांतून खूप बोलले जाते. तिच्याखालचे पाणी कुणाचे, यावर मी कधी चर्चा ऐकली नाही.

नाना आणि तात्या मिळून आता ओढ्यावर एक बंधारा घालायचे म्हणताहेत. मी वाटा देईन असे कळवले. नानाचे उत्तर आले, “पैसे दे, पण पाणी कसं वाटायचं ते इथं राहणारे ठरवतील.” १९०२ च्या कायद्यातली ती अट इतक्या थोडक्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेली नाही.

‘ॲज यू सो’ मिळाल्यास अवश्य वाचा. त्याची आकडेवारी जुनी झाली आहे, तुलना सदोष आहे, आणि तरीही ते खरे आहे. आणि पुढच्या वेळी फाइव्हने जाताना मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगून अण्णांचा प्रश्न विचारा: शेत आहे, पाणी आहे, मग गाव कुठाय?