रंग पुढे गेला, टाका मागे राहिला

हाताने रंगवलेल्या कापडाची एक पंचाईत आहे : त्याला कात्री लावायला हात धजावत नाही. गोधडी काय किंवा क्विल्ट काय, दोन्ही मुळात कापाकापीचे आणि जोडाजोडीचे उद्योग. पण खपून रंगवलेला मीटरभर मांजरपाट दोरीवर वाळायला पडला की करणारी त्याच्याकडे बघतच बसते. कापायचं जिवावर येतं. मग तो अख्खाच घेतला जातो, खाली भराव आणि अस्तर लागतं, वरून मशीनवर चार नागमोडी रेघा, की झालं क्विल्ट. गेल्या पन्नासेक वर्षांत क्विल्टसाठी कापड स्वतः रंगवण्याचे आणि छापण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतले कित्येक थक्क करणारे आहेत. पण त्यांतून कापड जेवढं श्रीमंत झालं तेवढी शिवण झाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रयोगांचा हा ओघ जोरात सुरू झाला तो अमेरिकेत. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जोनाथन होलस्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या रजया चित्रं टांगावीत तशा भिंतीवर टांगल्या. पलंगावर आडवी पडणारी वस्तू उभी राहिली आणि तिच्याकडे बघायची नजरच बदलली. चित्रकला शिकलेली बरीच मंडळी शिवणयंत्राकडे वळली. 1979 मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी, गाईंच्या एका जुन्या गोठ्यात, 'क्विल्ट नॅशनल' हे प्रदर्शन भरलं. पुढे ते दर दोन वर्षांनी भरू लागलं. पण या मंडळींना हवं ते कापड दुकानात नव्हतं. मिळायचं ते बहुतेक बारीक फुलाफुलांचं. एकाच निळ्याच्या आठ छटा ओळीने हव्या असतील तर आणणार कुठून?

सोय मँचेस्टरने आधीच करून ठेवली होती. आयसीआय कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघा रसायनतज्ज्ञांनी शोधलेले प्रोसिऑन रंग 1956 मध्ये बाजारात आले होते. त्याआधीचे सुतावरचे बरेचसे रंग एक तर तंतूंमध्ये नुसते अडकून बसत आणि धुण्यात सुटत, नाहीतर त्यांना उकळी आणि कटकटीची रसायनं लागत. हे नवे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधच जोडतात, आणि तेही साध्या पाण्यात, धुण्याच्या सोड्याच्या मदतीने. चूल नको, भट्टी नको. आपल्याकडचे रंगाचे दुकानदार या जातीला 'कोल्ड ब्रँड' म्हणतात. अहमदाबाद-वापीच्या पट्ट्यात रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचे कारखाने रांगेने आहेत. रंगशाळेतलं काम त्यामुळे मागच्या अंगणातल्या बादलीत आलं. भुकटी उडून श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावायचा, एवढं पथ्य मात्र पाळावं लागतं, आणि नेमकं तेच हौशी मंडळी पाळत नाहीत.

या सोयीचा पहिला मोठा उपयोग छटांच्या चढउतारासाठी झाला. पिट्सबर्गच्या जॅन मायर्स-न्यूबरी यांनी रंगाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत एकाच रंगाच्या फिकटत जाणाऱ्या ओळी रंगवल्या आणि त्यांचे साधे चौकोन-पट्टे असे मांडले की सपाट कापडातून उजेड यावा. पुढे त्या जपानी शिबोरीकडे, म्हणजे नळकांड्याभोवती कापड गुंडाळून, दोऱ्याने आवळून रंगवण्याकडे वळल्या. नॅन्सी क्रो यांनी स्वतः रंगवलेली एकरंगी कापडं पट्टी न लावता, नुसत्या हाताच्या अंदाजाने कापली. त्यांच्या 'कन्स्ट्रक्शन्स' या मालिकेतल्या रेघा किंचित वाकड्या आहेत आणि त्या वाकडेपणातच त्यांचा जोर आहे. या दोघींच्या कामात एक गोष्ट ठळक दिसते : कापड रंगवताना ते कापलं जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. रंग हा त्यांच्यासाठी कच्चा माल होता.

यानंतरच्या पिढीत गाडी दुसऱ्या रुळावर गेली. जेन डनवोल्ड यांचं 'कॉम्प्लेक्स क्लॉथ' हे पुस्तक 1996 मध्ये आलं आणि थरावर थर ही पद्धत घरोघरी पोचली : आधी रंगवा, मग ठसे मारा, मग रंग काढून टाकणाऱ्या रसायनाने काही भाग उजळा, पुन्हा रंगवा, वर सोनेरी वर्ख लावा. शिकवणं उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अशा कापडाला आता करायचं काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. तुकडा कापला तर थरांची वीण तुटते, टाका घातला तर तो दिसत नाही. टाका तिथे फक्त प्रवेश-अर्ज भरण्यापुरता असतो. तीन थर एकत्र शिवलेले नसतील तर क्विल्टच्या स्पर्धेत घेत नाहीत ना! मायकल जेम्स यांच्यासारखा पट्ट्यांच्या रचनेतला उस्ताद 2000 नंतर डिजिटल छपाईकडे वळला, तेव्हा निदान त्यांनी छापील कापडालाही जोडाच्या रेघेत पकडलं. सगळ्यांना ते जमलेलं नाही.

छपाईतला मला सर्वांत आवडणारा प्रयोग आहे तो विरघळत्या पडद्याचा. अमेरिकेत केर ग्रॅबोव्स्की आणि इंग्लंडमध्ये लेस्ली मॉर्गन व क्लेअर बेन यांनी तो शिकवून रुळवला. छपाईच्या स्क्रीनवर घट्ट केलेला रंग जाड थापायचा, त्याखाली दोरा, जाळीचा तुकडा, फाटका पुठ्ठा असं काहीबाही ठेवायचं आणि तो तसाच वाळू द्यायचा. रंग वाळला की पडद्यावर कोरडी खपली धरते. मग समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची खळ वर ओतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, कापडावर ओढायची. पहिल्या छापात खपली अडून बसते. कापडावर उमटतात त्या नुसत्या मोकळ्या जागा आणि दोऱ्याच्या कडा. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला खपली भिजते, कडांवरून रंग सुटू लागतो, रेघा जाड होतात. पुढे खपलीचे पोपडे निघतात आणि ज्या जागा कोऱ्या होत्या त्याच गडद भरतात. त्याच्याही पुढे सगळं फिकट, वाहून गेलेलं. एकच पडदा, पण कुठलेही दोन छाप सारखे नाहीत, आणि तरी सगळे एकमेकांचे नातलग.

आता याचं करतात काय? बहुतेक ठिकाणी त्यांतला सर्वांत देखणा छाप निवडतात, तो अख्खा लावतात आणि बाकीचे बोचक्यात जातात. मला हे अनाकलनीय वाटतं. सात-आठ छापांची ती माळ म्हणजे जोडकामासाठी आयती चालून आलेली सामग्री आहे. क्रमाने लावा, क्रम उलटा करा, पहिल्याचा अर्धा आठव्याच्या अर्ध्याला भिडवा. काळ पुढे-मागे होईल. छपाईला न जमणारं हे काम फक्त शिवणीला जमेल, आणि शिवण ते करायला बसतच नाही.

आपल्याकडे येताना एक गोष्ट आधी नोंदवली पाहिजे. गोधडीला रंगाऱ्याची गरज कधी नव्हती. लुगडं, धोतर, सदरा हे सगळं रंगीत येतं आणि विटत जातं. नऊवारीचा निऱ्यांत दडलेला भाग आणि उन्हाला लागलेला भाग, एकाच पातळाचे असून दोन छटांचे होतात. मायर्स-न्यूबरींनी मोजून मिळवलेला चढउतार इथे वीस वर्षांच्या नेसण्या-धुण्याने आपोआप मिळतो. कडेने सुरू होऊन चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येणारा धावदोरा हाच गोधडीतला खरा विचार आहे, आणि गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचं जे पुस्तक केलं त्यातली पानं उलटताना तो डोळ्यांत भरतो. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची गोधडी, कवंद, याच पद्धतीची. अमेरिकेतच, अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांनी विटक्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या रजया 2002 मध्ये व्हिटनीत आल्या तेव्हा रंगशाळा चालवणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले असतील. त्या बायकांनी तर बादलीत रंगही कालवला नव्हता. अर्थात उलट उदाहरणही जवळच आहे. सिंध-कच्छकडच्या रल्ली या गोधडीसाठी जुनं सुती कापड घरीच पुन्हा लाल, पिवळं, काळं रंगवून घ्यायची रीत होती. म्हणजे रंगवणं आणि गोधडी यांचं वैर आहे असं नव्हे. रल्लीत मात्र रंग साधा, सपाट, आणि सगळी नजाकत तुकड्यांच्या कापणीत.

आजच्या शहरी 'गोधडी'त दोन प्रवाह दिसतात. एक कच्छकडच्या ठशांच्या छपाईचा, म्हणजे अजरखचा. अजरख कापडाचे उरलेले तुकडे जोडून केलेली पांघरुणं, जाकिटं, पिशव्या सगळीकडे आहेत. अजरख हे मुळात कमालीचं शहाणं कापड आहे. आधी हिरड्याच्या पाण्यात बुचकळायचं (तोच हिरडा, जो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होतो), मग ठशाने एके ठिकाणी लोखंड-गुळाचं आंबवलेलं पाणी, दुसरीकडे तुरटी. त्यानंतर सगळं कापड एकाच रंगाच्या भांड्यात उकळलं की लोखंडाच्या जागी काळा आणि तुरटीच्या जागी लाल फुलतो. निळीसाठी वेगळं कुंड. 2001 च्या कच्छच्या भूकंपानंतर तिथल्या धमडका गावचं पाणी या कामाला पुरेना आणि मानवेना, तेव्हा अजरख छापणाऱ्या खत्री कुटुंबांनी अजरखपूर हे नवं गावच वसवलं. त्यांतले इस्माईल मोहम्मद खत्री यांना 2003 मध्ये इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. इतक्या विचाराने, जाळीवर जाळी बसवून छापलेलं कापड आपण चार इंची चौकोनांत कापतो आणि शेजारी तसाच दुसरा चौकोन लावतो, तेव्हा दोन्हींचा नूर जातो. अजरखला शेजार हवा तो कोऱ्या कापडाचा. ही अगदी साधी गोष्ट आहे आणि दहांतल्या नऊ कामांत ती सुचलेली नसते.

दुसरा प्रवाह पानाफुलांच्या छापांचा. ऑस्ट्रेलियाच्या इंडिया फ्लिंट यांच्या 2008 च्या 'इको कलर' या पुस्तकानंतर ही लाट जगभर गेली : पानं कापडात गुंडाळायची, आवळायची, वाफवायची. निलगिरी, सागाची कोवळी पानं, गुलाबाची पानं, झेंडूच्या पाकळ्या. रेशमावर आणि लोकरीवर हे छान बसतं. सुताला ते सहज धरत नाही. म्हणून गडदपणासाठी लोखंडाचं पाणी वापरतात. इथेच मला भीती वाटते. लोखंड सुताला आतून खातं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन रजयांत लाल तुकडे धडधाकट आणि लोखंडी काळे-तपकिरी तुकडे तेवढे झिजून गळालेले असे नमुने कितीतरी आहेत. स्कार्फचं आयुष्य दोन-चार वर्षांचं, त्याला चालेल. गोधडी नातवंडांसाठी करायची आणि तिच्यात असं कापड लोटायचं, याला काय म्हणावं? सूर्यप्रकाशात निळं छापायच्या सायनोटाइपची गतही अशीच. 1842 साली जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही युक्ती कापडावर मोठी मोहक दिसते, पण सोड्याच्या साबणात दोनदा धुतली की निळं पिवळट पडतं. आपल्या घरची धुणी ज्या साबणात होतात ते पाहता सायनोटाइपची गोधडी भिंतीवरच ठेवलेली बरी.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हा समज इथे पुरता उघडा पडतो. रासायनिक रंगांचीही बाजू काही स्वच्छ नाही. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांनी पंचगंगेचं काय केलं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. घरातल्या बादलीचा वाटा त्यात नगण्य असला तरी न धरलेला रंग शेवटी मोरीतूनच जातो. तो कापडातून निघेपर्यंत गरम पाण्याने धुणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत आवश्यक काम. बोअरच्या जड पाण्यात ते आणखी लांबतं. हे टाळलेलं लाल कापड शुभ्र कापडाशेजारी शिवलं की पहिल्या धुण्यात सगळी गोधडी गुलाबी होते, आणि मग दोष लाल रंगाला.

मला आशेचं वाटतं ते काम उलट्या क्रमाने चालतं : आधी शिवायचं आणि मग रंगवायचं. पांढऱ्या मांजरपाटावर पांढऱ्याच दोऱ्याने गोधडी पूर्ण करायची. मात्र दोरे दोन जातींचे, काही सुती, काही पॉलिएस्टरचे. मग अख्खी गोधडी बादलीत. सुती दोरा कापडासारखाच रंग पितो आणि दिसेनासा होतो. पॉलिएस्टरला हे रंग धरतच नाहीत, तो पांढराच राहतो आणि रेघ बनून वर येतो. मध्ये रेशमी कापडाचा तुकडा असेल तर तो त्याच पाण्यातून वेगळीच छटा घेऊन निघतो. टाके घट्ट ओढलेले असतील तिथे कापड दबतं, रंग पुरता आत शिरत नाही, आणि टाक्याभोवती फिकट वलय राहतं. सैल ओढले तर उलट, खोबणीत रंग साचून गडद रेघ पडते. म्हणजे हाताचा ताण रंगात उतरतो. इथे टाका कापडाला सजवत नाही, तो रंग कुठे जाईल ते ठरवतो. आतला भराव सुती घेतला तर तो निम्मा रंग पिऊन टाकतो आणि वाळायला दिवस लावतो, म्हणून पॉलिएस्टरचा घ्यावा लागतो. कोपऱ्यांत हवा अडकली तर तिथे पांढरे डाग राहतात. असं काम कमी दिसतं याचं कारण उघड आहे : महिनाभराची शिवण एका बादलीत सोडायची आणि वर आल्यावर जे होईल ते पत्करायचं. जी कामं पाहिली त्यांतली बरीच डागाळलेली, उठाव न आलेली होती. तरीही भिंतीवरच्या त्या देखण्या अख्ख्या कापडांपेक्षा त्यांच्यापुढे मी जास्त वेळ थांबतो.