सावलीविना ड्रेक

कुरुंदवाडला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की पराक्रम आठवतो, चेहरा मात्र मनानेच रंगवावा लागतो. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं इंग्लिश दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेकचं लघुचित्र याच्या उलट आहे. चेहरा समोर, समुद्र आपण आणायचा.

निकोलस हिलिअर्डने ते १५८१ साली रंगवलं. व्यास २८ मिलिमीटर, आपल्या दहाच्या नाण्याहून जेमतेम मोठा. ड्रेक सप्टेंबर १५८० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला होता. पुढच्या एप्रिलमध्ये 'गोल्डन हाइंड' या त्याच्याच जहाजावर त्याला 'सर' किताब मिळाला. यश इतकं ताजं, तरी चित्रात जहाज नाही, शीड नाही, पृथ्वीगोल नाही. निळी पार्श्वभूमी, तीवर सोनेरी अक्षरांत वय ४२ आणि साल, गळ्याभोवती चुण्यांची पांढरी झालर, तांबूस दाढी. बस्स! या गाळण्यातच मला हिलिअर्डचं मोठेपण दिसतं.

तो सोनाराच्या हाताखाली तयार झालेला. सोन्याची अक्षरं इतक्या लहान वर्तुळात इतकी डौलदार बसतात, ती त्या हातामुळे. लघुचित्रकाराने रेशमी कपडे घालून कामाला बसावं, त्यांची कुसं कमी उडतात, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि चेहऱ्यावर गडद छाया त्याला नकोच. एलिझाबेथ राणीनेही चित्रासाठी बसताना बागेतली मोकळी, झाडांच्या सावलीपासून दूरची जागा निवडली होती, हे त्यानेच सांगितलंय.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. मोगल चित्रकारही खारीच्या केसांच्या कुंचल्याने, दाट छाया टाळून, रेषेवर चेहरा तोलत. १६१६ मध्ये इंग्लिश राजदूत टॉमस रोने जहांगीर बादशहाला एक इंग्लिश लघुचित्र दाखवलं. दरबारी चित्रकारांनी त्याच्या प्रती केल्या, आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्यांतून आपलं चित्र ओळखताना रो अडखळला.

ड्रेकचा चेहरा असाच लख्ख उजेडात आहे, म्हणून तो चारशे वर्षांनंतरही इतका जवळचा वाटतो. पण याच माणसाने तरुणपणी जॉन हॉकिन्स या इंग्लिश दर्यावर्दीबरोबर गुलामांच्या व्यापाराच्या सफरी केल्या होत्या, आणि स्पॅनिश जहाजं लुटून तो श्रीमंत झाला होता. त्यातलं काहीही या कपाळावर उमटलेलं नाही. रेम्ब्रांटने हाच चेहरा अर्धा अंधारात ठेवला असता. हिलिअर्डकडे तो अंधारच नव्हता, आणि माझ्या मते त्याच्या कलेची हद्द इथेच आहे.