ख्रिस्ती कोणास म्हणावे? – पंडिता रमाबाईंच्या पत्रसंग्रहाच्या निमित्ताने

सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेला व अ. भि. शहा यांनी संपादिलेला पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रसंग्रह १९७७ साली प्रसिद्ध झाला. चरित्रसाधन म्हणून तो वाचला जातो. आमच्या मते त्याचा खरा विषय व्याख्येचा आहे. ख्रिस्ती कोणास म्हणावे?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षांत त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका मांडल्या. शाकाहारही सोडला नाही. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. कारण त्यांच्या लेखी चर्चचे आज्ञापालन हाच श्रद्धेचा पुरावा होता. रमाबाईंचे उत्तर असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून आपण दुसरे स्वीकारणार नाही. निष्ठा ख्रिस्तावर आहे, पंथाच्या प्रत्येक कलमावर नव्हे. वादातील एक पक्षच येथे संकलक आहे, हे वाचकाने विसरू नये. तथापि प्रतिपक्षाची धारदार पत्रे त्यांनी जपली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे संयुत्तनिकायातील महानाम शाक्याचा प्रश्न आठवतो. त्रिशरण घेणारा तो उपासक, असे उत्तर तेथे मिळते. शील, श्रद्धा, त्याग व प्रज्ञा यांनी तो कसा संपन्न होतो, हे पुढचे व निराळे प्रश्न ठरतात. प्रवेश आणि परिपूर्ती यांतील हा भेद जेराल्डिनबाई करीत नाहीत. रमाबाईंना मात्र तो पुढे उमगला. १९०७ च्या आपल्या साक्षीत ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्त लाभणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या सांगितल्या. रेव्हरंड ना. वा. टिळक तर १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापून त्याही पुढे गेले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते.

हा वाद केवळ मठातला नाही. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र आजही बाहेर आहे. म्हणजे चर्चने ज्यास अपुरा ख्रिस्ती म्हणावे, त्यासच शासनाने पुरता ख्रिस्ती ठरवावे, असेही घडू शकते. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याच्या हाती. रमाबाईंची पत्रे तो निर्णय श्रद्धावंताच्या हाती मागतात. म्हणूनच ती इतिहासजमा झालेली नाहीत.