सत्ताविसावे मत

अधिवेशन संपले की तुमच्या भागातल्या स्टेट सिनेटरचे किंवा असेंब्ली सदस्याचे गुळगुळीत पत्रक मेलबॉक्समध्ये येऊन पडते. किती बिले मांडली, किती मंजूर झाली, कोणत्या शाळेला भेट दिली, आणि वर एक हसरा फोटो. बहुतेक घरांत ते पिझ्झाच्या कुपनांबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात जाते. चांगल्या वर्षी खुशाल जाऊ द्या. तिजोरी भरलेली असताना कोणताही आमदार उदार दिसतो. त्याची पारख होते ती खडखडाटाच्या वर्षी. त्यासाठी कॅलिफोर्नियाचे २००९चे अधिवेशन आणि त्यातले एक सिनेटर, एबेल माल्डोनाडो, यांच्याकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

तुमच्यापैकी जे तेव्हा बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास होते, त्यांना ते दिवस आठवत असतील. घरांच्या किमती कोसळलेल्या, ले-ऑफच्या बातम्या रोजच्या, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात सुमारे ४२ अब्ज डॉलरचे भगदाड. ते बुजवायला खर्चात कपात आणि करवाढ दोन्ही लागणार होते. पण कॅलिफोर्नियात तेव्हा अर्थसंकल्पालाही दोन तृतीयांश मते लागत आणि करवाढीलाही. ४० जणांच्या सिनेटमध्ये २७ मते हवी होती. डेमोक्रॅट बहुमतात होते, तरी तीन रिपब्लिकन मतांसाठी गाडे अडले. दोन मते जुळली. तिसरे, म्हणजे सत्ताविसावे, माल्डोनाडो यांचे.

फेब्रुवारीतले ते अधिवेशन चाळीसहून अधिक तास सलग चालले. सिनेटर सभागृहातच अडकले होते, काही जण टेबलाशीच डुलक्या काढत होते. करवाढीला राजी झालेले रिपब्लिकन गटनेते डेव्ह कॉगडिल यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी मध्यरात्री पदावरून काढले. अखेर १९ फेब्रुवारीच्या पहाटे माल्डोनाडो यांनी होकार दिला आणि पॅकेज मंजूर झाले. सेल्स टॅक्स एक टक्क्याने वाढला, गाडीची लायसन्स फी ०.६५ टक्क्यावरून १.१५ टक्क्यावर गेली, मुलांमागे मिळणारी करसवलत दोनशेहून अधिक डॉलरने घटली. आपल्यातल्या अनेकांना व्हिसामुळे मत नव्हते. हे सगळे भरायचे मात्र होतेच.

माल्डोनाडो यांना आधी त्यांचे श्रेय द्यायला हवे. मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुराचा हा मुलगा सांता मारियाच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत वाढला, पुढे त्या गावाचा महापौर झाला. करवाढीला हात वर करणाऱ्याची पक्षात काय गत होते, हे त्यांनी कॉगडिल यांच्या बाबतीत नुकतेच डोळ्यांनी पाहिले होते. तरीही त्यांनी मत दिले. नसते दिले तर राज्याचे दिवाळे आणखी लवकर दारात आले असते. एवढ्यावर थांबलो तर ही शौर्यकथाच ठरेल.

पण मत फुकट नव्हते. गॅसोलीनवरचा प्रस्तावित १२ सेंटचा जादा कर काढून टाका, ही त्यांची एक अट. ती त्यांच्या मतदारांच्या कामाची होती. सेंट्रल कोस्टवर शेतावर जायचे म्हणजे मैलोन्‌मैल गाडी हाकावी लागते. दुसरी अट, तुटीच्या वर्षी आमदारांना पगारवाढ नको. ऐकायला गोड, पण ४२ अब्जांपुढे ती रक्कम म्हणजे दर्या में खसखस. तिसरी अट सगळ्यात वजनदार: प्रायमरी निवडणुकीची पद्धत बदलण्याचा प्रस्ताव जनतेपुढे ठेवा. सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिले दोन, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, नोव्हेंबरच्या निवडणुकीत. या पद्धतीने टोकाचे उमेदवार मागे पडतील, मध्यममार्गी पुढे येतील, असा युक्तिवाद होता. तो खोडून काढण्यासारखा नाही. पण २००६ मध्ये कंट्रोलरपदाच्या उमेदवारीसाठी माल्डोनाडो स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरले होते, हेही लक्षात ठेवावे. नव्या पद्धतीचा पहिला लाभ त्यांच्यासारख्यालाच होणार होता.

माझा आक्षेप सौदा केल्याबद्दल नाही. विधिमंडळात सौदे होणारच, आणि ते बरेचदा उघड्यावर झालेले बरे. आक्षेप मागणीबद्दल आहे. ज्या रात्री सारे राज्य एका माणसाच्या ‘हो’साठी ताटकळले होते, त्या रात्री त्याला काहीही मागता आले असते. त्याच पॅकेजमध्ये अशी तरतूद होती की केंद्राची मदत ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आली, तर मेडी-कॅलवरच्या प्रौढांचे दातांचे बहुतेक उपचार बंद होतील. मदत कमी पडली, आणि १ जुलै २००९ पासून ते बंद झाले. मेडी-कॅलवर कोण असते? शेतमजूर, हॉटेलात भांडी घासणारे, आणि मुलांकडे कायमचे राहायला आलेले आपलेही काही आईवडील. दाढ ठणकायला लागली की उपाय उरला तो बहुधा ती उपटण्याचा. काही उपचार परत सुरू व्हायला २०१४ उजाडले, उरलेल्यांना २०१८. सांता मारियाच्या शेतांतून आलेल्या आमदाराच्या गाजलेल्या अटींत या दातांना जागा नव्हती.

पुढचा हिशेबही पाहू. मे महिन्यात मतदारांनी त्या सौद्यातले पाच प्रस्ताव फेटाळले आणि फक्त आमदारांच्या पगारवाढीवरचा निर्बंध उचलून धरला. जुलैत रोकड संपली. राज्याने टॅक्स रिफंड आणि पुरवठादारांची बिले चेकऐवजी आयओयूने, म्हणजे चक्क उधारीच्या चिठ्ठ्यांनी भागवली. सुमारे साडेचार लाख चिठ्ठ्या, २.६ अब्ज डॉलरच्या. सरकारी कर्मचाऱ्यांना महिन्यातून तीन दिवस बिनपगारी घरी बसवले. नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने फी ३२ टक्क्यांनी वाढवली. नवी प्रायमरी पद्धत मात्र जून २०१० मध्ये मंजूर झाली आणि आजही चालू आहे. माल्डोनाडो त्याच वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर नेमले गेले, आणि नोव्हेंबरची निवडणूक हरले.

याउलट एक उदाहरण आपल्या घरचे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राची तिजोरीही काही भरलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागणी लावून धरली ती एकच: गावात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. पैशासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर कर बसला. पुण्या-मुंबईत तुम्ही कधी नोकरी केली असेल, तर पगाराच्या स्लिपवर ‘प्रोफेशनल टॅक्स’ची छोटी कपात पाहिली असेल, तोच हा कर. योजनेत दोष होते, मजुरी तुटपुंजी आणि अनेकदा उशिरा मिळणारी होती. पागे यांच्या हाती सत्ताविसावे मत नव्हते, त्यामुळे दोघांची तुलना तंतोतंत नाही. तरी एक गोष्ट तपासता येते. वाईट काळात आमदाराने तोंड उघडले ते कोणासाठी? पागे यांनी ते अशा माणसांसाठी उघडले ज्यांची दुष्काळात पहिली उपासमार होणार होती.

कोणी म्हणेल, दोष माणसाचा नव्हे, दोन तृतीयांशाच्या नियमाचा. बरोबर आहे. तो नियम नसता तर सत्ताविसाव्या मताला भावच आला नसता. मतदारांनाही ते पटले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अर्थसंकल्पासाठी साधे बहुमत पुरेसे ठरवले गेले. करवाढीला मात्र दोन तृतीयांश आजही लागतात. म्हणजे पुढची मंदी आली की कपात सोपी आणि कर अवघड, हे ठरलेलेच. अशा वेळी कोणाची कपात, हा प्रश्न आणखी टोकदार होतो.

आता आपल्यातले बरेच जण नागरिक झालेत, मत देतात, उमेदवारांच्या फंडरेझरला जातात, त्यांच्याबरोबर फोटोही काढतात. गव्हर्नर मेच्या मध्यावर सुधारित अर्थसंकल्प मांडतात आणि विधिमंडळाला तो १५ जूनपर्यंत मंजूर करावा लागतो. तुमच्या आमदाराच्या ऑफिसला फोन करायचा तर त्या महिन्याभरात करा. किती बिले मांडली हे विचारू नका. या वर्षी कोणती कपात तुम्ही मान्य केली, ती कोणाच्या वाट्याला आली, आणि मताच्या बदल्यात तुम्ही काय मागितले, एवढे तीनच प्रश्न विचारा. पत्रकात यांची उत्तरे छापलेली नसतात.